कापणीच्या दिवसांत उदयपूर

"उदेपूरला खाडी हाय का?" पुतळाबाईंनी भिंतीकडे तोंड करूनच विचारलं.

"खाडी नाही, आजी. तलाव आहे. खूप मोठा." क्षितिजा खुर्चीत पाय वर घेऊन राजस्थानचं पुस्तक वाचत होती.

"गोड्या पान्याचा?"

"हो."

"मंग मासली बेचव."

वसुंधरा हसली, पण तिचे हात थांबले नाहीत. एक हात सासूबाईंच्या खांद्याखाली, दुसरा कमरेखाली. "हं," असं म्हणून तिने त्यांना दुसऱ्या कुशीवर वळवलं. पाठीवरून तळवा फिरवला, कुठे लालसर झालंय का ते पाहिलं, पावडर लावली आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये जुन्या लुगड्याची घडी सरकवली. दर दोन तासांनी हे करायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गावच्या विहिरीवर पाय घसरून पुतळाबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण त्या काही उभ्या राहिल्या नाहीत. "दोन महिने आमच्याकडे राहू देत, दवाखाना जवळ आहे," असं म्हणून आत्मारामने आईला वसईच्या फ्लॅटवर आणलं होतं. त्याला आता चार वर्षं होत आली होती. तिसरा मजला, लिफ्ट नाही. पुतळाबाई त्यानंतर खाली उतरल्या नव्हत्या, आणि वसुंधराने बालवाडीची नोकरी सोडली होती.

"आई, हे ऐक," क्षितिजा म्हणाली. "उदयपूरला दिवसात बघण्यासारखी बारा ठिकाणं आहेत. सकाळी सातला निघालं तर..."

"बारा नकोत."

"मग किती?"

"एक. तळ्याच्या काठी पायऱ्या असतील ना? तिथे बसायचं. कोणीतरी चहा आणून देईल तो प्यायचा. संध्याकाळ झाली की परत."

"चार दिवस?"

"चार दिवस. आणि मग जयपूरला चार दिवस तुझ्या बाबांच्या किल्ल्यांपाठी."

क्षितिजा नुकतीच फिजिक्स घेऊन पदवीधर झाली होती. रिकामे तास तिला सहन होत नसत. पण या सहलीचा हा एकच नियम होता आणि तो वसुंधराने घातला होता. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. या काळात ती जेजुरीला गेली होती नवस फेडायला, अक्कलकोटला गेली होती नणंदेच्या तब्येतीसाठी, साताऱ्याला माहेरी बारशांना आणि दिवसकार्यांना. काही कारण नसताना ती कुठे गेली नव्हती. तिचा गुडघा आता जिना उतरताना आवाज करू लागला होता. आत्मारामने तलाव आणि किल्ले दोन्ही मान्य केले, दसरा आणि दिवाळीच्या मधले दिवस धरले, साहेबांकडून रजा मंजूर करून घेतली आणि पहाटे रांगेत उभं राहून आरक्षण केलं. पाऊस संपलेला असतो, थंडी यायची असते, हवा सगळ्यात चांगली, असं पुस्तकातही लिहिलं होतं.

आईजवळ कोण राहणार, हा प्रश्न सुटल्यातच जमा होता. क्षितिजा घरीच असणार होती, पण तिची दिवसभराची नोकरी होती आणि आजीला एकटीने वळवणं तिला जमत नसे. गावी आत्मारामचा धाकटा भाऊ जयराम आणि त्याची बायको आशालता शेती सांभाळत होते. आशालता येऊन राहील. तिच्या सासूचंच तर करायचं होतं.

त्या रविवारी ते दोघं आले. चिंचोटीच्या फाट्यावरून आत, खाडीच्या अंगाला त्यांचं गाव. जयरामने पिशवीतून पडवळ, शिराळी आणि केळीच्या पानात बांधलेल्या निवट्या काढल्या. खाडीच्या चिखलातली ती मासळी अजून वळवळत होती. पुतळाबाईंनी पलंगावरूनच वास ओळखला.

"बांधाच्या आतल्या की भायेरच्या?"

"भायेरच्या, आये. मोठ्या हायत."

चहा झाला. मग आत्मारामने घसा साफ करून तारखा सांगितल्या. पाच तारखेला निघणार, सोळाला परत.

आशालताने बशी खाली ठेवली. तिने जयरामकडे पाहिलं. जयराम खिडकीकडे पाहू लागला.

"भावजी," ती हळूच म्हणाली, "कापनी."

पलंगावरून आवाज आला. पुतळाबाई हसत होत्या. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि वसुंधरा उठून त्यांची पाठ चोळू लागली.

"कापनीच्या महिन्यात फिराया जातोस! आनि वर सुनेला बी शेतातून उचलून आनतोस! अरे, अठरा वर्सांचा होईतो विळा तुज्याच हातात व्हता रं आत्माराम!"

"इसरलो," आत्माराम म्हणाला.

क्षितिजाने वडिलांकडे पाहिलं. ते घरात कधी असं बोलत नसत. ठाण्याच्या सरकारी कचेरीत त्यांनी तीस वर्षं जी भाषा वापरली तीच ते घरी वापरत.

"हळवं भात आत्ताच पिवळं झालंय," जयराम समजावणीच्या सुरात म्हणाला. "दसरा झाला का इळा लावायचाच. मजूर मिळत नाय, दादा. सगले कंपनीत जातात. ही नसली तर मी एकटा काय करू?"

"नाही नाही. बरोबर आहे तुझं."

"मना यायचं व्हतं हो ताई," आशालता म्हणाली. "खरंच. पन उभं भात टाकून कशी येऊ?"

"अगं, तुझा काय दोष?" वसुंधरा म्हणाली आणि निवट्या साफ करायला आत गेली. राख लावून एकेक निवटी घासताना तिने नळ जरा मोठाच सोडला. कालवण छान झालं. सगळ्यांनी वाखाणलं.

रात्री आवराआवर झाल्यावर ती आत्मारामला म्हणाली, "तिकिटं रद्द करून टाका."

"उद्या बघतो."

"बघतो नाही. पैसे कापतात उशीर झाला की."

पण तो दुसऱ्या दिवशी गेला नाही आणि तिसऱ्या दिवशीही नाही. स्टेशनच्या रांगेसमोरून जाताना तो मान खाली घालून जात असे.

समोरच्या फ्लॅटमधली रिटा ही बातमी ऐकून थेट आत आली. रिटा शाळेत शिकवायची आणि कोणत्याही गोष्टीवर तिचं लगेच मत तयार असायचं.

"वसू, रद्दबिद्द काही करू नको. मी आहे ना. सकाळ-संध्याकाळ जेवण मी देते. रात्रीला एक बाई लावू."

"तुझी कंबर धड आहे का? त्यांना वळवायला लागतं."

"मग बाई वळवेल."

"परकी बाय मना हात लावनार?" पुतळाबाई आतून ओरडल्या. "मी उपाशी मरेन, पन धुऊन घेनार नाय!"

रिटाने कपाळावर हात मारला. "ऐक, आता ह्यांचं ऐक."

खरं सांगायचं तर वसुंधरालाही ते पटलं नव्हतं. त्या पाठीवरचा प्रत्येक तीळ तिला माहीत होता. परकी बाई लाली आणि सावली यांत फरक कसा करेल? ती पुस्तक क्षितिजाच्या टेबलावर ठेवून आली. क्षितिजाने ते परत आणून फ्रिजवर ठेवलं. ते तिथेच राहिलं.

नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी वसुंधरा ओल्या टॉवेलने सासूबाईंचं अंग पुसत होती. खिडकीतून ऊन पलंगाच्या पायथ्यापर्यंत आलं होतं. आश्विनातलं ऊन तेवढं आत येई, मग मागे जाई.

"मना तिकडं ने," पुतळाबाई म्हणाल्या.

"कुठे?"

"घरी. आशाला हितं येता येत नाय, तर मी तितं जाते. खाट वटीवर टाका. समोर खळं. दिवसभर मानसांची ये-जा असते."

"काहीतरीच काय, आई? तिथे कापणीत कोणाला वेळ आहे? आणि पाठीला काही झालं तर?"

"पाठ माझी हाय."

वसुंधराने टॉवेल बादलीत बुडवून पिळला. "लोक काय म्हणतील? सासूला टेम्पोत घालून गावाला टाकली आणि स्वतः तळं बघायला गेली."

"लोकांनी कवा माझी पाठ पुसली?"

वसुंधराने त्यांचा हात वर केला, काख पुसली, हात परत खाली ठेवला.

"वसू, चार वर्सं मी ह्यो पंखा बघते. तीन पाती हायत त्याला. एकावर डाग हाय. तू जा तुज्या तळ्यावर. मना भात बघू दे."

वसुंधरा तशीच टॉवेल धरून उभी राहिली. मग तिने पंख्याकडे पाहिलं. डाग होता. ती रोज त्या खालून दहा वेळा जायची, तिला तो दिसला नव्हता.

दसऱ्यानंतरच्या रविवारी पुतळाबाईंना खाली उतरवलं. प्लॅस्टिकच्या हाताच्या खुर्चीत बसवून दोन ओढण्यांनी बांधलं. पुढे आत्माराम आणि जयराम, मागे रिटाचा नवरा आणि वॉचमन. वसुंधरा उलटी, पायऱ्या मागे मागे उतरत, सासूबाईंचे पाय धरून. प्रत्येक मजल्यावर दारं उघडली.

"माझ्या लग्नात पन एवढी मानसं नव्हती," पुतळाबाई म्हणाल्या. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी खुर्ची थांबवायला लावली. "ही कोन?"

"ह्या दुसऱ्या मजल्यावरच्या कार्मिनबाई. चार वर्षं तुमच्या खाली राहतात."

"असं व्हय? मंग रात्री भांडी आपटतेस ती तूच!"

कार्मिनबाई हसत आत गेल्या आणि पावाची पिशवी घेऊन बाहेर आल्या. ती त्यांनी पुतळाबाईंच्या मांडीवर ठेवली.

जयरामच्या भाजीच्या टेम्पोत गादी अंथरली होती. वसुंधरा त्यांच्या डोक्याशी बसली. टेम्पो निघाला तसं पुतळाबाईंनी डोळे मिटून घेतले, आकाश फार उजेडाचं होतं. मग हळूहळू त्यांनी एकेक डोळा उघडला. रस्त्याच्या कडेला नव्या इमारती होत्या, त्यांच्या पाट्या होत्या. "हितं कोलमाचं भात व्हायचं," त्या एका गॅरेजकडे बोट दाखवून म्हणाल्या. फाट्यावरून टेम्पो आत वळला आणि वास आला, पिकलेल्या भाताचा आणि चिखलाचा.

ओटीवर खाट टाकली. समोरचं खळं नुकतंच सारवलेलं होतं, शेणाचे हात त्यावर स्पष्ट दिसत होते. वसुंधराने पिशवी उघडली. जुनी लुगडी, पावडर, रबरी चादर. मग ती आशालताला म्हणाली, "ये, दाखवते."

"दाखवा की."

वसुंधराने आजूबाजूला पाहिलं. दुसरी खाट भिंतीला उभी होती. तिने ती आडवी केली आणि स्वतः तिच्यावर पडली. "वळव मला."

"अगोबाई!"

"वळव. सांगून समजत नाही ते."

आशालताने पदर खोचला, एक हात तिच्या खांद्याखाली घातला, एक कमरेखाली. विळ्याने खरखरीत झालेला तळवा वसुंधराच्या पाठीला लागला. "ताई, तुम्ही पोत्यासारख्या जड हो."

"ओढायचं नाही. आधी 'हं' म्हणायचं. म्हणजे त्यांना कळतं."

"हं," आशालता म्हणाली आणि तिला वळवलं.

वसुंधरा क्षणभर तशीच कुशीवर पडून राहिली. तिला भिंत दिसत होती आणि भिंतीवर एक पाल. आपल्याला असं कोणी शेवटचं कधी हात लावून वळवलं होतं, हे तिला आठवेना. "परत," ती म्हणाली. "डाव्या बाजूने."

"झालं का तुमचं?" पुतळाबाई शेजारून म्हणाल्या. "आता मना पन कोनी वळवा. भात तिकडं हाय, तोंड हिकडं केलंय माझं."

उदयपूरला तळं होतं. पायऱ्या होत्या. हॉटेलच्या गच्चीतून पाण्यातला पांढरा महाल दिसत होता. पहिल्या दिवशी वसुंधरा पायऱ्यांवर बसली आणि मध्येच उठली.

"कुठे निघालीस?" आत्मारामने विचारलं.

"कुठे नाही." ती परत बसली. दोन तास झाले असावेत, असं तिला घड्याळाशिवाय कळलं होतं.

सकाळी हॉटेलचा माणूस चहाचा ट्रे घेऊन दारात आला की ती धावत जाऊन तो त्याच्या हातातून घेई. चहा झाला की बेसिनमध्ये कप विसळून पालथे घाली. "अगं, ते धुतात," आत्माराम म्हणे. "असू दे," ती म्हणे. पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पायऱ्यांवर बसली ती बसलीच. पाण्यावरचा उजेड जाईपर्यंत. काठाशी एक बाई कपडे धूत होती, एक मासा वर येऊन पुन्हा खाली गेला. बेचव, वसुंधराला आठवलं, आणि ती एकटीच हसली. आत्मारामने काय म्हणून विचारलं. ती म्हणाली, काही नाही.

जयपूरला आत्माराम किल्ल्यांवर चढला आणि ती खाली झाडाखाली थांबली. क्षितिजाने बजावलं होतं म्हणून दोघं दगडी सूर्ययंत्र बघायला गेले. भल्यामोठ्या जिन्याची सावली कठड्यावरून सरकत होती, आणि ती डोळ्यांना सरकताना दिसत होती. आत्मारामला ते इतकं आवडलं की तो ऊन डोक्यावर घेऊन तिथेच उभा राहिला. वसुंधरा समोरच्या एसटीडी बूथवर गेली. गावच्या दुकानात फोन लागला. दुकानदाराने कोणाला तरी पाठवलं, आणि पुष्कळ वेळाने आशालताची धाप ऐकू आली.

"आई कशा आहेत?"

"बऱ्या हायत."

"पाठ?"

"पाठ बरी हाय. ताई, खळ्यात झोडनी चालू हाय, ठेवू?"

"ठेव," वसुंधरा म्हणाली. फोन ठेवून झाल्यावरही ती थोडा वेळ बूथमध्ये उभी राहिली. काचेबाहेरून पुढचा माणूस खुणा करू लागला तेव्हा ती निघाली.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी दोघं गावाला गेले. क्षितिजाने पलंगावर स्वच्छ चादर घालून ठेवली होती. वसुंधराच्या पिशवीत सासूबाईंच्या परतीसाठी धुतलेली मऊ लुगडी होती आणि वर जयपूरची एक चादर, लाल बुट्ट्यांची.

ओटीवर पुतळाबाई तक्क्याला टेकून अर्धवट बसल्या होत्या. चेहरा उन्हाने रापला होता. हातात वेताची लांब काठी होती. खळ्यात भात वाळत घातलं होतं आणि कोंबड्या जवळ आल्या की त्या काठी आपटत. कडेला पेंढ्याचा ढीग घराच्या निम्म्या उंचीएवढा झाला होता.

वसुंधराने चप्पल काढली आणि आधी त्यांना पुढे वाकवून पाठ बघितली. लाली नव्हती. पावडरही नव्हती. खोबरेल तेलाचा वास येत होता.

"तेल लावलंस?"

आशालता दारात उभी होती. तिने चोरी पकडल्यासारखा पदर सारखा केला. "पावडर घामाने गोळा होत व्हती, ताई. म्हनून."

"बरं केलंस," वसुंधरा म्हणाली. तिने पुन्हा एकदा तळवा फिरवला. त्वचा मऊ होती. तिच्या हातून राहायची त्यापेक्षा कमी नाही.

"आये, टेम्पो काढू ना?" जयरामने विचारलं.

"कशाला?"

"दादाकडे जायचं नाय?"

पुतळाबाईंनी एका कोंबडीला हाकललं. "मी हितंच र्‍हाते."

आत्माराम ओटीच्या काठावर बसला होता, तो उठला. "आई, असं काय करतेस? तिकडे डॉक्टर जवळ आहे. रात्री-अपरात्री काही झालं तर?"

"झालं तर झालं."

"आशाला किती त्रास..."

"मना काय तरास नाय," आशालता चटकन म्हणाली, आणि लगेच वसुंधराकडे बघून गप्प झाली.

सगळे वसुंधराकडे बघत होते. ती खाटेच्या कडेला बसली होती, पिशवी मांडीवर. तिच्या मनात एकदम फ्लॅटमधली ती खोली आली. स्वच्छ चादर, पायथ्याशी आलेलं ऊन. त्या खोलीत आता काय ठेवायचं, हा विचार तिच्या मनात आला आणि तिला त्याची लाज वाटली.

"माझं काही चुकलं का, आई?" तिने विचारलं.

पुतळाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात होती. तरी त्या बराच वेळ बघत होत्या.

"येडी हाय," त्या म्हणाल्या. "आशा, हिला च्या दे. आलं घाल."

आशालता आत गेली. वसुंधराही सवयीने तिच्यामागून उठली. तोच वेताची काठी तिच्या गुडघ्यांसमोर आडवी आली.

"बस."

"मदत करते जरा."

"बस म्हनते ना."

ती बसली. आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, मग आलं ठेचल्याचा. आत्माराम खळ्यात उतरून मूठभर भात हातात घेऊन पाहत होता. एक दाणा त्याने दातांखाली फोडला. काठी अजून आडवीच होती. कोंबड्या पुन्हा भाताजवळ आल्या, म्हणून वसुंधराने तीच काठी हातात घेऊन त्यांना हाकललं. मग तिने पिशवीतली मऊ लुगडी एकेक काढून खाटेच्या उशाशी रचली. वर लाल बुट्ट्यांची चादर ठेवली.

"कापडात पैसे घालवलेस," पुतळाबाई म्हणाल्या, पण चादरीवरून त्यांनी हात फिरवला. "तळं कसं व्हतं?"

"छान होतं. पण मासे बेचव असणार."

"सांगितलं व्हतं मी."

आशालता चहा घेऊन आली. वसुंधराचे हात ट्रेकडे जायला निघाले आणि थांबले. आशालताने कप तिच्या हातात दिला. तिने तो ओटीवर बसून, भाताकडे बघत, सावकाश प्यायला.

चहा संपला तशी ती रिकामा कप घेऊन मोरीकडे जायला निघाली. आशालताने हात पुढे केला. दोघींच्या बोटांत कप क्षणभर तसाच राहिला.

मग वसुंधराने तो सोडला.